शिकागोच्या मुलांचा उन्हाळी बेसबॉल



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'मुलांचा बेसबॉल' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बेसबॉल म्हणजे ते अमेरिकन क्रिकेटच ना?" कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जायची होती, म्हणून आम्ही हो म्हणून टाकले. आज मात्र ते उत्तर थोडे दुरुस्त केले पाहिजे.

२०२४ सालचा उन्हाळा आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात पुतण्याच्या घरी काढला. त्या भागात मराठी माणसे पुष्कळ आहेत. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून चालू आहे. गणपतीच्या वर्गणीवरून तिथे जसे वाद होतात, तसेच आता मुलाला कोणत्या क्लबात घालावे यावरूनही होतात. आमच्या पुतण्याचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आम्ही उतरलो त्याच रात्री जेवताना पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही चाळीस वर्षं शाळेत मुलं खेळवलीत. जरा बघा आणि सांगा, याला कुठे ठेवू?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे पाहिले आणि वाचले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

आधी खेळाविषयी चार शब्द. मैदान हिऱ्याच्या आकाराचे. चार कोपऱ्यांवर चार बेस असतात आणि त्यांतला शेवटचा तो 'होम'. चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, मधल्या उंचवट्यावर उभा राहून टप्पा न पाडता चेंडू फेकतो. फलंदाजाने तो मारून क्रमाने बेस गाठीत होमला परत यायचे. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. क्रिकेटपटूच्या डोळ्यांना प्रथम हे सारे फार धावपळीचे वाटते. तासाभराने ध्यानात येते की सगळा खेळ त्या एका फेकणाऱ्या हातावर चालला आहे. हा हात विसरू नये. पुढे आपणांस त्याच्याकडेच परत यायचे आहे.

शिकागोत हिवाळा एप्रिलपर्यंत रेंगाळतो. शाळा जूनमध्ये सुटतात आणि ऑगस्ट सरता सरता पुन्हा भरतात. मुलांच्या बेसबॉलचा खरा हंगाम तो एवढाच. एकट्या शहराच्या उद्यानखात्याकडे सहाशेहून अधिक उद्याने आहेत, उपनगरांची निराळी. त्या दोन-अडीच महिन्यांत संध्याकाळी सहा वाजता कोणत्याही रस्त्याने जा, हिरवळीवर टोप्या घातलेली मुले दिसतात आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आईबाप दिसतात. दुरून सगळीकडे एकच खेळ चालला आहे असे वाटते. जवळ गेल्यावर कळते की शेजारशेजारच्या दोन मैदानांवर दोन वेगळी जगे आहेत.

पहिले जग आळीचे. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी तीन संघ जमवून लिटल लीग सुरू केली. मोठ्यांचे मैदान मुलांना झेपत नाही हे ओळखून त्यांनी नात्यातल्या दोन लहान मुलांना पळायला आणि फेकायला लावले व त्यावरून अंतरे ठरवली. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसांमध्ये नव्वद फूट असतात. लिटल लीगमध्ये ते अंतर साठ फूट आहे, आणि पिचरपासून होम शेहेचाळीस फुटांवर. मुलांना बसवून खेळ न मापता मुलांवरून खेळ मापला, हे त्या माणसाचे मोठेपण. पुढे १९४७ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, संस्था फोफावली, आणि १९५५-५६ साली हेच स्टॉट्झ चालकांशी बिनसून, खटला करून आपल्याच संस्थेतून बाहेर पडले. वाढत्या धंदेवाईकपणाचा त्यांना वीट आला होता. संस्थापकाच्या नशिबी हे सर्वत्रच येते. आपल्याकडील शिक्षणसंस्थांची उदाहरणे देण्याची गरज नाही.

या लीगचे दोन नियम आम्हांस फार आवडले. एक हद्दीचा. प्रत्येक शाखेला नकाशावर सीमा आखून दिलेली असते आणि मुलाचे घर किंवा शाळा तिच्या आत असावी लागते. दुसरा नियम असा की नेहमीच्या हंगामातील सामन्यात संघातल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी फलंदाजी मिळालीच पाहिजे, आणि क्षेत्ररक्षणात सहा गडी बाद होईपर्यंत तरी तो मैदानात असलाच पाहिजे. चष्मेवाला, लठ्ठ, चेंडू पाहून डोळे मिटणारा, कोणीही असो. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत आम्ही आमच्या शाळेला असा नियम करू शकलो नाही, याची आम्हांस तिथल्या फळ्यांवर बसून लाज वाटली.

वास्तविक 'हाउस लीग' हा शब्द याहून व्यापक आहे. लिटल लीगशी संलग्न नसलेल्याही अशा आळीच्या लीगा पुष्कळ असतात. १९५१ साली निघालेल्या बेब रूथ आणि पोनी या संस्थाही याच वळणाच्या. पोनीवाले तर वयोगटांना घोड्यांच्या जातींची नावे देतात, शेटलंड, पिंटो, मस्टँग वगैरे. पाच-सहा वर्षांचे पोर छाती काढून आपण शेटलंड असल्याचे सांगते तेव्हा हसू आवरत नाही. मोठ्या मुलांसाठी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेचे सामने आहेत. ते १९२५ पासूनचे. एके काळी गावचा उन्हाळा म्हणजे लीजनचा संघ असे समीकरण होते. आता त्याची जागा बव्हंशी दुसऱ्या जगाने घेतली आहे.

हे दुसरे जग म्हणजे 'ट्रॅव्हल बॉल', फिरत्या क्लबांचे. इथे हद्द नाही. निवडचाचणी ऑगस्टच्या सुमारास होते, म्हणजे हा उन्हाळा संपायच्या आत पुढच्या उन्हाळ्याचा संघ ठरलेला असतो. हिवाळ्यात छपराखाली सराव, पगारी शिक्षक, अंगावर तीन रंगांचे तीन गणवेश. पुतण्या लीगला दीड-दोनशे डॉलर वर्गणी भरत होता आणि क्लबाला अडीच हजार, शिवाय पेट्रोल व हॉटेल निराळे. ऍस्पेन इन्स्टिट्यूटने २०२४ साली केलेल्या पाहणीत अमेरिकन कुटुंब एका मुलाच्या मुख्य खेळावर वर्षाला सरासरी हजार डॉलरांच्या वर खर्च करते आणि २०१९ पासून हा आकडा ४६ टक्क्यांनी वाढला, असे आढळले. तेव्हा आमचा पुतण्या काही एकटाच वेडा नव्हता.

त्या खर्चातून मिळते काय? खरे सांगायचे तर पुष्कळ मिळते. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना तिथे पन्नास-सत्तर फुटांच्या मैदानावर खेळवतात, त्यामुळे तेराव्या वर्षी साठ फुटांवरून एकदम नव्वद फुटांवर पडण्याची ठेच लागत नाही. आळीतल्या लीगमधली कितीतरी मुले त्याच उडीला गळतात. शिक्षक खेळ जाणणारे असतात. प्रतिस्पर्धीही तोलामोलाचे. आमच्या नातवाने दोन महिन्यांत बेस चोरण्याची जी कला शिकली, ती लीगमध्ये त्याला दोन वर्षांत आली नसती. क्लबवाल्यांना नुसते धंदेवाले म्हणून झटकणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

एका शनिवारी आम्ही त्यांच्याबरोबर इंडियाना राज्यात वेस्टफील्डला गेलो, मोटारीने सुमारे तीन तास. तिथे २०१४ साली उघडलेले ग्रँड पार्क नावाचे क्रीडासंकुल आहे. एकाच जागी सव्वीस मैदाने! सगळीकडे एकाच वेळी सामने, आणि वाहनतळावर पाच-सहा राज्यांच्या पाट्या लावलेल्या मोटारी. पंढरीच्या वाळवंटात दिंड्या उतरल्यासारखे वाटले, फक्त विठोबा कुठे ते सापडेना. नातू पहिला सामना अर्धा खेळला आणि दुसरा पूर्ण बाकावर बसला. येताना मोटारीत कोणी बोलले नाही. सूनबाईंनी एवढेच विचारले, "आजच्या त्याच्या किती फलंदाज्या झाल्या?" दोन झाल्या होत्या. येऊनजाऊन सहा तासांच्या प्रवासात दोन!

पुतण्याच्या मनात कॉलेजची शिष्यवृत्ती होती. ती तिथल्या पुष्कळ बापांच्या मनात असते. म्हणून आम्ही त्याला एक हिशेब दाखवला. २०२५ पर्यंतच्या नियमाने पहिल्या श्रेणीच्या कॉलेजला बेसबॉलसाठी एकूण ११.७ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या तीस-पस्तीस मुलांच्या पथकात वाटून द्यायच्या. हा दशांशच बोलका आहे. नंतर नियम बदलला, पथकाची संख्या ठरवून शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून टाकली गेली. परंतु मर्यादा निघाली म्हणजे पैसा आला असे नव्हे. पुतण्या हिशेब ऐकून म्हणाला, "काका, तुम्ही गणिताचे मास्तर नव्हतात ते बरं."

आता शहराच्या दक्षिण भागाकडे वळू, कारण हद्दीची खरी गोष्ट तिथे घडली. दक्षिण शिकागो ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. १९३३ पासून कितीतरी वर्षे तिथल्या कोमिस्की पार्कवर त्यांच्या निग्रो लीगमधील निवडक खेळाडूंचा पूर्व-पश्चिम सामना होई. त्या काळी गोऱ्यांच्या संघांची दारे त्यांना बंद होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडले. त्याच्याच नावाने १९७१ साली दक्षिण भागात 'जॅकी रॉबिन्सन वेस्ट' ही लिटल लीग निघाली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिचा संघ विल्यम्सपोर्टच्या जागतिक स्पर्धेत पोचला. फिलाडेल्फियाचा जो संघ त्यांनी ६-५ ने हरवला, त्यात मोने डेव्हिस ही तेरा वर्षांची मुलगी होती. त्या स्पर्धेत प्रतिपक्षाला एकही धाव न देता सामना जिंकणारी ती पहिली मुलगी. मुलींना या लीगचे दार १९७४ साली उघडले, तेही कोर्टात भांडून, हे जाता जाता सांगतो. पुढे लास व्हेगसच्या संघाने आधी १३-२ असा धुव्वा उडवला असताना अमेरिकन अंतिम सामन्यात शिकागोच्या मुलांनी त्याच संघाला ७-५ ने नमवले. जागतिक अंतिम सामना ते दक्षिण कोरियाशी ८-४ ने हरले, पण शिकागोने मिरवणूक काढली, आणि पोरे व्हाइट हाउसलाही जाऊन आली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अजिंक्यपद काढून घेण्यात आले. एका शेजारच्या उपनगराच्या लीगमधून तक्रार गेली होती. काही मुले हद्दीबाहेरची होती, आणि चालकांनी शेजारच्या लीगांची संमती न घेता नकाशावरची रेषा सरकवून दाखवली होती, असे चौकशीत ठरले. विजेतेपद लास व्हेगसला गेले. त्याच वर्षी पुढे त्या लीगने लिटल लीगशी संबंध तोडून बेब रूथशी जोडला.

श्रोतेहो, या निकालावर आम्ही कितीतरी रात्री विचार केला. चालकांनी खोटे केले यात शंका नाही. हद्दीचा नियम मोडला तर आळीतल्या चष्मेवाल्या मुलाची जागा परगावचा तरबेज मुलगा घेणार, म्हणजे ज्यासाठी नियम केला तेच बुडाले. तरीही बारा वर्षांच्या मुलांनी मैदानात मारलेले चेंडू काही नकाशावर मारलेले नव्हते. आणि आणखी एक गोष्ट आम्हांस खुपत राहिली. त्याच उन्हाळ्यात, त्याच महानगरात, फिरते क्लब तीस-तीस मैलांवरून मुले गोळा करीत होते. त्याला कोणी लबाडी म्हणत नव्हते. त्याला 'निवड' म्हणत होते आणि त्याची पावती मिळत होती. अडीच हजार डॉलर भरले की हद्द उरत नाही. ज्यांना ते भरता येत नाहीत त्यांनाच रेषेच्या आत राहावे लागते.

याचे परिणाम वरपर्यंत दिसतात. १९८१ साली व्यावसायिक बेसबॉलच्या वरिष्ठ श्रेणीत कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू शेकडा अठरांहून अधिक होते. २०२४ च्या हंगामाच्या आरंभी ते शेकडा सहा उरले. कारणे एकाहून अधिक आहेत, बास्केटबॉल आणि फुटबॉलची ओढही आहे. पण वर जाण्याचा जिना उन्हाळी क्लबांतून जाऊ लागला आणि जिन्याला तिकीट लागले, हे मोठे कारण आहेच. जॉन यंग या माजी खेळाडूने १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये आरबीआय ही शहरी वस्त्यांची चळवळ काढली; ती शिकागोतही आहे. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने २००७ साली 'एस' नावाची योजना सुरू केली, ती आम्हांस विशेष मोलाची वाटली. ती आहे फिरत्या क्लबाच्याच धर्तीची, निवड आहे, प्रवास आहे, उत्तम शिक्षक आहेत. परंतु शहरातील मुलांना खर्च पडत नाही आणि अभ्यासाकडेही पाहिले जाते. तिच्यातून कोरी रे हा २०१६ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत पाचवा आला. २०२० साली शिकागो कब्सने सोळाव्या क्रमांकावर एड हॉवर्डला घेतले. हा तोच मुलगा, ज्याच्या संघाचे अजिंक्यपद २०१५ साली काढून घेतले होते.

मात्र या योजनेत जागा मोजक्या. जो निवडला गेला नाही, त्याचे काय करायचे याचे उत्तर आळीतल्या लीगपाशीच आहे, आणि त्या वस्त्यांत अशा लीगा चालवायला स्वयंसेवक बाप मिळणे ही वेगळीच ओढाताण आहे.

आता त्या हाताकडे येऊ. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपराचा तुटलेला बंध काढून त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध तिथे बसवला. हा जॉन पूर्वी सात हंगाम शिकागोच्याच व्हाइट सॉक्सकडून खेळलेला. शस्त्रक्रियेनंतर तो १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेलाच त्याचे नाव पडले. ती प्रौढ, मुरलेल्या खेळाडूंसाठी होती. पण २००७ ते २०११ या वर्षांतील अमेरिकेतल्या अशा शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक रोगी पंधरा ते एकोणीस वयाचे निघाले. २०११ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ४८१ बालपिचरांवर दहा वर्षे नजर ठेवली होती. वर्षाला शंभरांहून जास्त डाव फेकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला.

लिटल लीगने २००७ पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ चेंडूंपेक्षा अधिक टाकायचे नाहीत. एकवीस ते पस्तीस टाकले तर पुढचा एक दिवस विश्रांती, छत्तीस ते पन्नास असल्यास दोन दिवस, एकावन्न ते पासष्ट असल्यास तीन, त्यावर चार. २०१४ साली 'पिच स्मार्ट' या नावाने व्यावसायिक बेसबॉलनेही अशीच मार्गदर्शक कोष्टके काढली. पण काही फिरत्या स्पर्धांत चेंडू मोजण्याऐवजी डाव मोजतात, आणि एक डाव आठ चेंडूंतही संपतो, पस्तिसांतही. खरी गोम याहून पुढे आहे. लीग आपले मोजते, क्लब आपले मोजतो, आणि दोहोंची बेरीज कोणी करीत नाही.

आम्ही केली, आणि तीही उशिरा. जुलैच्या एका गुरुवारी नातवाने लीगमध्ये ६२ चेंडू टाकले. तिथल्या वहीप्रमाणे त्याला सोमवारपर्यंत सुट्टी होती. शनिवारी क्लबाच्या स्पर्धेत त्याने ५८ टाकले आणि रविवारी उपांत्य सामन्यात ४१. क्लबाच्या शिक्षकाला गुरुवारची गोष्ट कोणी सांगितली नव्हती, आणि त्यानेही विचारली नव्हती. आम्ही कडेला बसून हे आकडे रिकाम्या पाकिटावर लिहीत होतो, जुन्या सवयीने. त्यांचा अर्थ मात्र लावत नव्हतो. एकशे एकसष्ट! सोमवारी सकाळी पोर डाव्या हाताने दात घासताना दिसले. विचारले तर म्हणाले, "काही नाही आजोबा, सहज." बाकावर पुन्हा बसावे लागेल या भीतीने त्याने दुखणे दोन दिवस लपवले होते.

डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कोवळी कूर्चा असते. कोपराच्या आतल्या बाजूची ती कूर्चा दुखावली होती. या दुखण्याचे नाव 'लिटल लीग एल्बो', म्हणजे जी संस्था चेंडू मोजते तिचेच नाव रोगाला. सुदैवाने शस्त्रक्रियेवर गेले नाही. सहा आठवडे चेंडू हातात घ्यायचा नाही असे सांगितले, म्हणजे उन्हाळा संपला. पुतण्याने पाकीट मागून घेतले आणि बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे पाहत बसला. आमच्याकडे मात्र त्याने पाहिले नाही, आणि आम्हांसही काही बोलवले नाही. मास्तर म्हणून ज्याला बोलावले होते, तो शनिवारी उठून शिक्षकाकडे जाऊ शकला असता.

ऑगस्टमध्ये क्लबाच्या निवडचाचणीला तो गेला नाही. त्याची जागा दोन गावे पलीकडच्या एका मुलाला मिळाली. पुतण्याला आम्ही सल्ला दिला तो एवढाच, की तेरा होईपर्यंत एकच संघ आणि एकच वही. त्यानंतर त्याला वाटले तर क्लब आहेच, तोवर मैदानही नव्वद फुटांचे होणार आहे. तो क्लबाविषयी अजून हळहळतो. ती हळहळ खोटी नाही. सव्वीस मैदानांवरच्या त्या खेळाचा दर्जा आळीत नाही.

परवा त्याचा फोन आला. पोर आता बारा वर्षांचे आहे, आळीच्या लीगमध्ये दुसऱ्या बेसवर खेळते आणि आठवड्यातून एकदा पिचिंग करते. सूनबाई कडेला खुर्ची टाकून बसतात. हातात बस-स्टँडवर माणसे मोजायला वापरतात तसले खटक्याचे यंत्र असते. मागच्या सामन्यात पस्तीस चेंडू झाले तेव्हा पुढचा फलंदाज तगडा होता आणि पोराला त्याला टाकायचे होते. पण छत्तिसावा चेंडू पडला असता तर एकाऐवजी दोन दिवस बसावे लागले असते. कोचांनी खूण केली, पोराने चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला आणि तोंड वेडेवाकडे करीत दुसऱ्या बेसवर जाऊन उभे राहिले.